उंबऱ्याच्या आतला महाराष्ट्र

२०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत भादोले, लाटवडे, किणी, घुणकी, मिणचे या आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावच्या भोवतालच्या गावांतली माणसं टीव्हीवर काय बघतात, याला वाहिन्यांच्या आठवड्याच्या हिशेबात जागा नव्हती. टीव्ही घरोघर होते, केबलच्या तारा गल्लीगल्लीत लोंबत होत्या, पत्र्यांवर छत्र्याही आल्या होत्या. पण कोणता कार्यक्रम किती लोक बघतात हे मोजणारी यंत्रं मुख्यतः शहरांतल्या घरांत होती. त्या वर्षी ‘बार्क’ या नव्या संस्थेनं मोजणी हाती घेतली आणि ऑक्टोबरात देशातल्या खेड्यांचे आकडे पहिल्यांदा जाहीर झाले.

ही मोजणी होते कशी, ते आधी पाहू. मोजायच्या वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांतल्या टीव्हीपाशी ठेवलेलं छोटं यंत्र ती खूण ओळखतं. समोर आजी बसली आहे की नातू, हे घरातल्यांनी बटण दाबून सांगायचं. देशभरातल्या अशा हजारो घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधला जातो, दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यांवरून जाहिरातींचा दर ठरतो. नायिकेचं लग्न पुढच्या आठवड्यात लावायचं की आणखी महिनाभर लांबवायचं, हेही पुष्कळदा याच आकड्यांवर ठरतं.

टीव्हीच्या पडद्यावर मराठी माणूस कसा दिसतो हा प्रश्न घेतला, की मला ही यंत्रं आधी आठवतात. कारण कोणता मराठी माणूस दाखवायचा हे बऱ्याच अंशी कोणाच्या घरात यंत्र आहे यावर ठरत आलं.

अमेरिकेत या प्रश्नावर मोठ्या हिरिरीनं वाद होतात. आपला देश कोणत्या मालिकेत नीट उमटला? कोणी १९७१ ची ‘ऑल इन द फॅमिली’ सांगतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर हा हेकट, वंशद्वेषी, तरीही घरच्यांत गुंतलेला बाप आणि त्याच्याशी भांडणारा जावई यांच्या तोंडून त्या काळची अमेरिका स्वतःशीच भांडत होती. कोणी ‘द सिम्पसन्स’चं नाव घेतो, ती १९८९ पासून चालू आहे. कोणी ‘रूट्स’, कोणी ‘द वायर’. या शेवटच्या दोन मालिकांकडे मी पुढे परत येणार आहे, कारण मराठीला त्यांच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

मराठीपुरतं माझं म्हणणं असं की आपल्या टीव्हीनं घराच्या उंबऱ्याच्या आतला महाराष्ट्र फार प्रेमानं आणि बारकाईनं टिपला. उंबरा ओलांडून तो क्वचित गेला. जिथं गेला तिथं त्याचं सर्वांत चांगलं काम झालं.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीच्या त्या केंद्राचं पहिलं मोठं देणं म्हणजे ‘चिमणराव’. चिं. वि. जोशींनी कितीतरी वर्षं आधी लिहिलेला हा पुण्याचा कारकून सत्तरच्या दशकात पडद्यावर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे २००१ मध्ये ‘अल्फा मराठी’वर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली, तेव्हा प्रभावळकरच आबा टिपरे झाले. ती मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. चिमणराव आणि टिपरे लागोपाठ पाहिले, तर मराठी मध्यमवर्गाचं अर्धं शतक एकाच नटाच्या चेहऱ्यावर वाचता येतं. चिमणरावाला पगार पुरत नाही, आलेगेले पाहुणे आवरत नाहीत आणि जगाची भीती वाटते. टिपरे कुटुंबात तीन पिढ्या एका घरात राहतात, पैशाची ओढ थोडी सैल झाली आहे, पण मुलगा काय करणार, मुलीचं कसं होणार ही काळजी तीच. टिपऱ्यांच्या घरात कोणी खलनायक नव्हता. साध्या घटनांवर पूर्ण भाग उभा राहायचा आणि आजही तो बघवतो. माझ्या लेखी घरगुती मराठी मालिकांत टिपऱ्यांच्या वर जागा कोणाचीच नाही.

पण हे घर मुंबई-पुण्याचं होतं. दूरदर्शनचा महाराष्ट्र सुरुवातीला तिथवरच पोचायचा. १९८४ च्या सुमारास देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक उभारले गेले, तेव्हा त्यांवरून मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम यायचा. त्यामुळे आमच्या भागातल्या अनेक घरांना टीव्हीची ओळख झाली ती ‘हम लोग’ आणि पुढे ‘रामायण’ या हिंदी मालिकांमधून. मराठी कार्यक्रम नियमित दिसू लागले ते त्यानंतर. त्यांत शेतकऱ्याच्या घरात ज्याची वाट पाहिली जायची तो कार्यक्रम म्हणजे ‘आमची माती आमची माणसं’. खोडवा कसा राखायचा, द्राक्षाची छाटणी कधी घ्यायची, हुमणीवर उपाय काय, असं तिथं बोललं जायचं. शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून स्वतःच्या बोलीत स्वतःच्या पिकाबद्दल सांगतो आहे, हे दृश्य मराठी टीव्हीवर या कार्यक्रमानं रुळवलं. त्याला कथा नव्हती, नट नव्हते. तरीही मराठी ओळखीच्या यादीतून हा कार्यक्रम वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

१५ ऑगस्ट १९९९ ला ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, पुढच्या वर्षी ‘ईटीव्ही मराठी’ आली आणि रोजच्या मालिकांचा काळ सुरू झाला. विनय आपटे यांच्या ‘आभाळमाया’त सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी ही शिकलेली, नोकरीत मानाची जागा मिळवलेली बाई होती. नवऱ्याचे दुसरीकडे संबंध असल्याचं कळल्यावर ती दोन मुलींसह ताठ उभी राहते. मराठी घरांत त्या काळी ज्या गोष्टीबद्दल दार लावून बोललं जायचं, ती या मालिकेमुळे चारचौघांत बोलली जाऊ लागली. नंतर मात्र रोजच्या मालिकेच्या कारखान्यानं कथेला आपल्या साच्यात घातलं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, प्रत्येकात बावीसेक मिनिटांचा मजकूर हवा, म्हणजे चित्रीकरण रोजचं. लेखक आज लिहितो आणि चार-आठ दिवसांत ते पडद्यावर येतं. पाऊस, रहदारी, बघ्यांची गर्दी, बाहेरचा आवाज यांतलं काहीच या वेगाला परवडत नाही. म्हणून मुंबई-ठाण्यात एक बंगला भाड्यानं घ्यायचा किंवा संच उभारायचा आणि दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, देवघर यांतच वर्षानुवर्षं कथा फिरवायची. आपल्या मालिकांतल्या बायका नोकरीवर गेलेल्या क्वचितच दिसतात, याचं एक कारण समाजाच्या विचारांत आहे आणि दुसरं, तितकंच खरं, चित्रीकरणाच्या खर्चात.

या काळात खऱ्या घरांत शिरला तो एक खेळाचा कार्यक्रम. ‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये सुरू झाला. आदेश बांदेकर दारात यायचे, घरातल्या बाईला वहिनी म्हणायचे, तिच्याकडून उखाणा घ्यायचे, संसाराची गोष्ट काढून घ्यायचे आणि शेवटी पैठणी द्यायचे. याला हलकी करमणूक म्हणून बाजूला सारणारे बरेच भेटतात. मला तो महाराष्ट्राच्या घरांचा एक मोठा दस्तऐवज वाटतो. भिंतीचा रंग, शोकेसमधल्या ट्रॉफ्या, देवघरातले फोटो, सासूसमोर सुनेनं नवऱ्याबद्दल किती मोकळं बोलायचं याची त्या त्या भागातली रीत, नाशिककडचं बोलणं आणि सांगलीकडचं बोलणं, हे सगळं कोणत्याही मालिकेच्या संचापेक्षा तिथं खरं होतं. बाईचा सन्मान तिच्या घरकामाशी आणि साडीशी बांधलेला राहिला, ही त्याची मर्यादा मान्य करायला हवी. पण लहान गावातल्या बाईला स्वतःच्या नावानं, स्वतःच्या घरात, सगळ्या राज्यासमोर बोलायला मिळालं, हेही खरंच.

मग वारं फिरलं. २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ आली. खंडोबा, म्हाळसा आणि बानू यांची कथा. म्हाळसा वाण्याच्या घरची, बानू धनगराची. मराठी समाजातल्या वेगवेगळ्या जातींना एका देवाच्या संसारात नातेवाईक करणारं हे दैवत. ही कथा लोकांना किती जवळची वाटली, हे मालिकेच्या यशानं दाखवून दिलं. पुढच्या वर्षी खेड्यांचे आकडे हाती येऊ लागले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मालवणी वळणाची ‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात घडू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोल्हापूरची पाळी आली.

‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगड्यात झालं. हार्दिक जोशीचा राणा हा मातीतला पैलवान, साधा, फारसा न शिकलेला शेतकरी. अक्षया देवधरची अंजली पाठक गावात आलेली शिक्षिका. राणाचं ‘चालतंय की’ थोड्याच दिवसांत पार मुंबईपर्यंत पोचलं. वसगड्यातला मालिकेचा वाडा बघायला लांबलांबून गाड्या भरून माणसं येऊ लागली. आमच्याकडच्या लोकांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं ते मी पाहिलेलं आहे. तोवर मराठी मालिकेत आमची बोली असायची ती गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा हसवायला आणलेल्या पाहुण्याच्या तोंडी. आता ती नायकाच्या तोंडी आली. नायक तिच्यात प्रेम करत होता, रुसत होता, रडत होता.

ब्रिटनमध्ये हे कितीतरी आधी घडलं. ९ डिसेंबर १९६० ला ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ सुरू झाली, तेव्हा मँचेस्टरकडच्या कामगार वस्तीतली बोली राष्ट्रीय पडद्यावर अशी रोजच्या बोलण्यासारखी सहसा ऐकू यायची नाही. ती मालिका आजही चालू आहे आणि तिनं उत्तर इंग्लंडच्या बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. वसगड्याच्या मालिकेनं कोल्हापुरी बोलीसाठी त्याच दिशेनं पाऊल टाकलं. पण एक गोष्ट खटकत राहिली. नायक बोलीत बोलणार आणि त्याला शहाणं करणारी नायिका मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत, अशी वाटणी तिथं कायम होती. हा पेच सोडवला तो २०१७ मध्ये आलेल्या ‘लागिरं झालं जी’नं. तेजपाल वाघ यांच्या लेखणीतल्या या साताऱ्याकडच्या मालिकेत शीतल आणि अजिंक्य दोघंही गावचंच बोलतात. शीतल हुशार आहे, तोंडाळ आहे, शिकते आहे, आणि त्यासाठी तिला आपली बोली टाकावी लागत नाही. अजिंक्यला फौजेत जायचं असतं. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, सैनिकांच्या घरांसाठी ओळखलं जाणारं. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं, भरतीची तारीख, छाती फुगवून घेतलेलं माप, ही तिथल्या तरुणपणाची खरी चित्रं आहेत. मालिकेनं ती निवडली, म्हणून तिची ओळख आतून उगवल्यासारखी वाटते.

तरीही पुढे व्हायचं तेच झालं. वसगड्याच्या मालिकेतला शेतकरी हळूहळू शेतातून वाड्यात गेला आणि वहिनीच्या कारस्थानांत अडकला. आमच्याकडे तेव्हाही ऊसदराचं आंदोलन पेटत होतं, तोडणी लांबली म्हणून शेतकरी कारखान्याच्या शेतकी कार्यालयात खेटे घालत होता, दुधाला फॅट लागली नाही म्हणून बायका संस्थेत वाद घालत होत्या. यांतलं काही कथेच्या केंद्राशी आलं नाही. यंत्रांनी खेडं मोजलं, त्यामुळे खेडं पडद्यावर आलं; पण आलं ते खेड्यातलं घर.

ऐतिहासिक मालिकांबद्दल वडगावात बोलताना जपून बोलावं लागतं, कारण इथं सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर संताजी आणि धनाजी यांनी मोगली फौजांना ज्या तऱ्हेनं हैराण केलं, त्यावर इथला प्रत्येक मुलगा वाढलेला असतो. १७०७ मध्ये संभाजीपुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराराणींनी धनाजींना त्यांच्यावर पाठवलं आणि खेडला धनाजी शाहूंच्या बाजूला गेले. पुढच्याच वर्षी वडगावला त्यांचा मृत्यू झाला. निष्ठा कोणाशी, राज्याच्या वारसाशी की राज्य टिकवणाऱ्या राणीशी, असा अवघड प्रश्न या एका आयुष्यात आहे. पडद्यावर ‘राजा शिवछत्रपती’ २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’वर आली, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ ते २०२० ‘झी मराठी’वर चालली. दोन्हींत अमोल कोल्हे. संभाजी महाराजांची मलीन केली गेलेली प्रतिमा घराघरांत बदलली, हे त्या दुसऱ्या मालिकेचं मोठं काम. २०२१ च्या अखेरीस ‘सोनी मराठी’वर ताराराणींवरची मालिकाही आली. पण लढाई दाखवायला घोडे, माणसं, मैदान आणि वेळ लागतो. महालातला संवाद स्वस्तात होतो. त्यामुळे स्वराज्याचा इतिहासही पुष्कळदा सोयराबाईंच्या महालातल्या कारस्थानावर येऊन थांबला. रयतेचा सारा, वतनांचे झगडे, गडावरचं धान्य, वेठ, बाजारपेठा असं ज्यावर ते राज्य उभं होतं ते पडद्याबाहेरच राहिलं. वडगाव पेठ म्हणून वाढलं ते कोणाच्या मालावर आणि कोणाच्या श्रमावर, हाही इतिहासच आहे.

आमच्या हातकणंगले तालुक्यात आणखी एक जागा आहे, माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला अशा अर्थाचं बोलून त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वावर मोहोर उमटवली. खासगी मराठी वाहिनीवर रोजच्या वेळेत बाबासाहेबांचं आयुष्य यायला २०१९ चा मे उजाडला. ‘स्टार प्रवाह’वरची ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: महामानवाची गौरवगाथा’, मोठेपणीच्या भूमिकेत सागर देशमुख.

इथं ‘रूट्स’ आठवते. १९७७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीनं ॲलेक्स हेली यांच्या पुस्तकावरची ही मालिका लागोपाठ आठ रात्री दाखवली. आफ्रिकेतून पकडून आणलेला कुंटा किंटे आणि त्याच्या पिढ्यांची गुलामी. निम्म्याहून अधिक अमेरिकेनं तिचा काही ना काही भाग पाहिला असं मानलं जातं. गोऱ्या घरांनी पहिल्यांदाच गुलामीची गोष्ट गुलामाच्या बाजूनं पाहिली. ‘गौरवगाथे’चं मोल मला याच तऱ्हेचं वाटतं. शाळेत लहानग्या भीमाला गोणपाटावर वेगळं बसवलं जातं, तहान लागली तरी नळाला हात लावता येत नाही, हे ज्या घरांत कधी बोललं गेलं नव्हतं तिथं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी दिसलं. मराठी माणसाची ओळख म्हणून फक्त शौर्य आणि सण दाखवणाऱ्या पडद्यावर, मराठी माणसांनी मराठी माणसांशीच काय केलं हेही आलं. ही मालिका उंबऱ्याबाहेर गेली. तिला तसं जावंच लागलं, कारण तिच्या नायकाला अनेक घरांचे उंबरे ओलांडायची मुभाच नव्हती. २०२० मध्ये ‘सोनी मराठी’वर आलेली ‘सावित्रीजोती’ मात्र पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून वर्षभरातच बंद झाली. फुले दांपत्याचं आयुष्य पुरतं सांगून व्हायच्या आत त्यांच्याच राज्यात आकड्यांसाठी थांबवलं गेलं, याचं दुःख मला आजही आहे.

विनोदाच्या वाटेनं मात्र मराठी टीव्ही सहज बाहेर पडला. त्याचं मूळ आपल्या तमाशात आहे. बतावणीत राजा, शिपाई, सावकार, पाटील कोणालाही टोला देता येतो, वेळकाळ बाजूला ठेवून आजच्या बाजारभावावर बोलता येतं आणि पुरुष लुगडं नेसून आला तरी कोणाचं काही बिघडत नाही. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि जवळपास दहा वर्षं चाललं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे. थुकरटवाडी नावाच्या गावात सगळा महाराष्ट्र येऊन बसायचा. गणेशपुरेंची वऱ्हाडी, कोकणी वळणाचं बोलणं, मुंबईच्या चाळीचा लहेजा असं सगळं एकाच मंचावर, कोणी कोणाला सुधारायला न जाता. पुढे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’नं हीच वाट रुंद केली.

पण मला ‘चला हवा येऊ द्या’तलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हसवणारं नव्हतं. हसून पोट दुखायला लागलं की सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात यायचा आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. दुष्काळातल्या शेतकऱ्याचं, सीमेवरच्या जवानाच्या घरचं, विसरल्या गेलेल्या माणसाचं. समोर बसलेले चित्रपटातले नट-नट्या डोळे पुसायचे आणि इकडे घरांत सगळे गप्प व्हायचे. हसता हसता माणसाला त्याच्याच कर्तव्याशी आणून उभं करायचं ही रीत कीर्तनातही आहे आणि भारुडातही. आजवरच्या कोणत्या एका कार्यक्रमात मराठीपण सर्वांत जास्त उतरलं असं कोणी मला विचारलं, तर मी या पत्रांच्या दहा मिनिटांकडे बोट दाखवीन.

अलीकडे मोबाइलवर दुसरी एक वाट फुटली आहे. साताऱ्याकडच्या ‘कोरी पाटी’च्या मुलांनी ‘गावाकडच्या गोष्टी’ केली, बारामतीकडून ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आली. पार, पाणंद, ग्रामपंचायत, सोसायटी, शाळेचा व्हरांडा हेच यांचे संच, कारण बंगला भाड्यानं घ्यायला पैसेच नव्हते. आठवड्याला एखादाच भाग करायचा असल्यानं लेखकाला विचार करायला उसंत मिळते. बाहेरच्या उजेडात, बाहेरच्या प्रश्नांवर मराठी मालिका करता येते आणि ती लाखो लोक बघतात, हे या मंडळींनी सिद्ध केलं आहे.

आणि हे काम कोल्हापूरला परकं नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये इथं ‘सावकारी पाश’ केला. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा मूकपट, त्यात सावकाराच्या कागदापायी जमीन गमावणारा तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम. बोलता न येणाऱ्या पडद्यानं शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट सांगितली होती. मोरेवाडीची चित्रनगरी आज हाताशी आहे, जोतिबावरची मालिका तिथं झाली, नट आणि तंत्रज्ञ या जिल्ह्यात उदंड आहेत.

राहिली ‘द वायर’. ती २००२ ते २००८ या काळात पाच हंगामांत साठ भागांची झाली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता लिहिणारे बातमीदार होते. त्यांनी एक शहर घेतलं आणि प्रत्येक हंगामात त्याची एक बाजू उलगडली: अमली पदार्थांचा धंदा आणि पोलीस, मग बंदर, मग नगरपालिकेचं राजकारण, मग शाळा, मग वर्तमानपत्र. माणसं वाईट नाहीत, पण ज्या व्यवस्थेत ती काम करतात ती त्यांना कसं वाकवते, हे त्या साठ भागांत दिसतं. मला आमच्या तालुक्याची अशी मालिका हवी आहे. पहिला हंगाम साखर कारखान्याचा. तात्यासाहेब कोरे आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या पिढीनं माळावर सहकार उभा केला, तिथपासून जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर मागणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत. दुसरा इचलकरंजीच्या यंत्रमागांचा: सूत, वहिफणी, कांडीवाले, जॉबर, रात्रपाळी आणि बाहेरगावाहून आलेले कामगार. तिसरा गावच्या दूध संस्थेचा, जिथं म्हैस बाईची, मेहनत बाईची आणि सभासदत्व पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर. चौथा वडगावच्या जनावरांच्या बाजाराचा, रुमालाखाली बोटं दाबून होणाऱ्या सौद्यांचा, दलालांचा आणि बैल विकून ट्रॅक्टरचा हप्ता भरणाऱ्यांचा. पाचवा साखरशाळेचा. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते आणि पोरं फडाशेजारच्या खोपीत राहून जमेल तशी शिकतात. हंगाम आटोपला की ती पोरं पुन्हा गावाकडे निघतात. कॅमेरा त्यांच्या ट्रकमागून बीडपर्यंत गेला, तर कोल्हापूरची मालिका तिथून पुढे महाराष्ट्राची होईल.